केसपेपरवरचे तीनशे मिली

पत्र :

मॅडम, स. न. वि. वि.

मी अकरा वर्षं लेबर रूमला स्टाफ नर्स आहे. जीएनएम डिप्लोमा केला, मग पोस्ट बेसिक पदवी, आणि आता रजा टाकून पुण्यातच एमएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. विषय प्रसूती आणि स्त्रीरोग परिचर्या. डिझर्टेशनचा, म्हणजे प्रबंधाचा, विषय पुढच्या महिन्यात द्यायचाय.

माझ्या डोक्यात एक गोष्ट खूप दिवस घोळते. डिलिव्हरीनंतर किती रक्त गेलं ते आम्ही केसपेपरवर लिहितो. मी स्वतः शेकडो वेळा 'अंदाजे ३०० मिली' लिहिलंय. कधी २५०. तीन वर्षांपूर्वी एका नाइटला मी ३०० लिहिलेली बाई पहाटे पांढरीफटक पडली. चार पिशव्या चढवल्या, वाचली. पण तेव्हापासून तो आकडा लिहिताना हात अडतो. आमचा अंदाज आणि खरंच गेलेलं रक्त यात किती फरक असतो, एवढंच मला बघायचंय. इतका साधा प्रश्न विद्यापीठाला चालतो का?

गाइड मॅडम म्हणतात, "असलं नको. स्टाफच्या चुका काढल्यासारखं होईल, परमिशन मिळणार नाही. पहिलटकरणींना स्तनपानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम घे, साठ सॅम्पल, महिन्यात काम होईल." इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "आपल्याच वॉर्डाची अब्रू काढणार का?" एक रेसिडेंट डॉक्टर हसून म्हणाले, "सिस्टर, रिसर्च आमच्यावर सोडा." नवरा म्हणतो, बढतीला डिग्री लागते, विषय कुणी विचारत नाही. मला सगळ्यांचंच बरोबर वाटतं. काय करू?

— एक सिस्टर, धनकवडी

उत्तर :

सिस्टर, तुला 'तू' म्हणते, रागावू नकोस. सगळी नोकरी नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेली, आता या वयात 'अहो' म्हणायला जीभ वळत नाही.

तुला सगळ्यांचंच बरोबर वाटतं. मला यात पूर्ण बरोबर असं कुणीच दिसत नाही. नवरा अर्धा बरोबर आहे. बढतीला डिग्रीच लागते, हे खरं. पण त्या डिग्रीसाठी दोन वर्षं घासायची आहेत, आणि ज्या विषयाचं उत्तर तुला आधीच ठाऊक आहे तो घेऊन रात्री अकराला जेवणाची भांडी आवरून लॅपटॉप उघडायचा म्हणजे काय शिक्षा असते, ते मी पाहिलंय.

आधी गाइडबाईंच्या सूचनेबद्दल बोलू, कारण तसल्या सूचना मीही केल्यात. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात डिझर्टेशनचं कपाट असेल. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. त्यातली दहा काढ आणि नावं वाच. 'पुणे शहरातील निवडक रुग्णालयांतील अमुक यांच्या तमुकविषयीच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता.' अमुक आणि तमुक बदलतात, बाकी वाक्य तेच. तीस प्रश्न विचारायचे, त्याच तीस प्रश्नांची उत्तरं पाऊण तास शिकवायची, सातव्या दिवशी पुन्हा तेच तीस प्रश्न. मार्क वाढतात. पेअर्ड टी टेस्ट (आधीच्या आणि नंतरच्या मार्कांची तुलना) लावली की पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते, म्हणजे फरक नुसता योगायोग नाही असं मानतात, आणि 'कार्यक्रम परिणामकारक आढळला' असं लिहून पेढे वाटायचे. मार्क वाढले नसते तर बातमी झाली असती. आणि त्या पहिलटकरणीने घरी जाऊन बाळाला पहिल्या तासाभरात नाही तर तिसऱ्या दिवशी छातीशी घेतलं, सासूने मध चाटवला, हे त्या तीस प्रश्नांत कुठेच येत नाही.

गाइडबाईंवर चिडू नकोस मात्र. कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असो की पुण्यातल्या एखाद्या अभिमत विद्यापीठाचं, गाइडच्या डोक्यावर तारखा असतात. सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), एथिक्स कमिटी (नैतिकता समिती), पायलट (छोटी चाचणी), डेटा, सबमिशन. एकीचं अडलं तर जाब तिला विचारतात. ती तुला सुरक्षित रस्ता दाखवतेय. तो रस्ता कुठे जात नाही, ही गोष्ट वेगळी.

तुझ्या प्रश्नात मला जे आवडलं ते हे, की उत्तर उलटं येऊ शकतं. कदाचित तुमच्या वॉर्डातल्या सिस्टरांचा डोळा चांगला निघेल. कदाचित थोड्या रक्ताचा अंदाज बरोबर आणि जास्तीचा पार चुकीचा निघेल. तुला ठाऊक नाही, मलाही नाही, म्हणून तो अभ्यास करण्यासारखा आहे.

साधेपणाचं म्हणशील तर आपल्या पुण्याचंच बघ. १९९३ ते १९९६ या काळात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या मागे फिरून नोंदी केल्या. काय खाल्लं, शेतात किती राबली, पाणी कुठून आणलं. बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. आणि दिसलं असं, की एकूण किती खाल्लं यापेक्षा हिरवी पालेभाजी, फळं, दूध ताटात किती वेळा आलं याचा बाळाच्या आकाराशी संबंध लागतो. 'आज काय जेवलीस गं?' हा प्रश्न आपण ओपीडीत रोज विचारतो आणि उत्तर न ऐकता पुढच्या बाईचं बीपी घेतो. त्यांनी उत्तर लिहून घेतलं. विद्यापीठाला साधा प्रश्न चालतो, ढिली मोजणी चालत नाही.

आता एक गोष्ट परीक्षक तुला विचारणारच, म्हणून आधी सांगते. डोळ्याचा अंदाज कमी पडतो हे जगाला ठाऊक आहे. त्याचा एक मोठा पुरावा आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातला आहे. तिथल्या खेड्यांतल्या बाळंतपणांत नर्सबाईंनी, म्हणजे एएनएमनी, रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. काहींना खरी गोळी, काहींना बिनऔषधाची, कुणाला कुठली ते कुणालाच माहीत नाही. १,६२० बायका. ५०० मिली किंवा त्याहून जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण मला त्या कामातली गोळीपेक्षा पिशवी जास्त भावते. रक्त मोजायचं कसं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला असणार. म्हणून कमरेखाली सरकवायचं एक प्लास्टिक बनवलं, खाली निमुळती पिशवी, तिच्यावर मिलीच्या रेघा. त्याच गटाने मग डोळा आणि पिशवी यांची तुलना केली, तर डोळ्याचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला.

ती रेघांची पिशवी पुढे कुठवर गेली बघ. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांवर बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्त पिशवीत मोजायचं, आणि ठरलेली रेघ ओलांडली की सगळे उपचार एकदम सुरू करायचे, एकामागून एक वाट बघत बसायचं नाही. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडायची वेळ आणि मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. औषधं जुनीच होती. कुणीतरी प्लास्टिकवरची रेघ वेळेत वाचली.

मग तुझ्या कामात नवं काय? नवा आहे तुमचा वॉर्ड. तुमचे पॅड, तुमची मेणकापडं, टेबलाखालची बादली, एक मिटमिटणारी ट्यूबलाइट, दोन टेबलांवर एकदम डोकं दिसायला लागलेली बाळं आणि मध्ये एकटी सिस्टर. तिथे अंदाज किती चुकतो आणि कुठे चुकतो, हे बेळगावला कळणार नाही, नायजेरियाला तर नाहीच. आणि आपल्याकडे हे कळायची गरज जास्त आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी निघाल्या. अंगात मुळात कमी असलेलीला ५०० मिलीसुद्धा जड जातं. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, केरळ सोडलं तर एवढा कमी आकडा कुठल्या राज्याचा नव्हता. त्याचा अभिमान असूच दे. पण उरलेल्या ३३ जणी कुठल्या रात्री, कुणाच्या ड्युटीत गेल्या, हे लेबर रूमवाल्यांना बरोबर आठवतं.

आता काम कसं करायचं त्यावर जरा बोलते, कारण तुझं पत्र वाचून वाटलं की प्रश्न पक्का आहे पण पद्धत अजून धुरकट आहे.

सुरुवात जुन्या केसपेपरांपासून कर. परवानगी घेऊन मागच्या सहा महिन्यांतल्या नॉर्मल डिलिव्हरींचे 'अंदाजे रक्तस्राव' हे आकडे फक्त उतरवून काढ. नाव नको, नंबर नको. मग त्यांचा आलेख काढ. मी पैज लावते, २५० आणि ३०० वर पर्वती उभी राहील आणि आजूबाजूला सपाट. देहाला गोल आकडे ठाऊक नसतात. शंभर बायकांचं रक्त मोजलं तर १७०, २१५, ३४०, ४८५ असं काहीही यायला हवं. सगळे ३००वर येऊन बसले तर तो आकडा बाईच्या अंगातून आलेला नाही, आपल्या सवयीतून आलाय. याला पैसा लागत नाही, कुणाच्या कामात आडवं यावं लागत नाही, आणि गाइडबाईंसमोर ठेवायला तुझ्याकडे एक चित्र होतं.

मग मोजणी. रेघांची पिशवी मिळाली तर उत्तम, पण तुझ्या अभ्यासात एक अडचण आहे. रेघा समोर दिसत असतील तर सिस्टर अंदाज कशाला करेल, वाचूनच सांगेल. म्हणून तू वजनाने मोज. पॅड, गॉझ, ड्रॉशीट (कमरेखालची आडवी चादर), प्रत्येकाचं कोरडं वजन आधी लिहून ठेव. ओल्यातून कोरडं वजा. एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरतात. रक्त पाण्याहून किंचित जड असतं, १०० मिली साधारण १०६ ग्रॅम भरतं, तेव्हा दुरुस्ती करणार की नाही ते एकदा ठरव आणि तसं लिही. बाळ बाहेर आलं की गर्भजल वाहून जाऊ दे, खालचं सगळं काढ, आणि मग कोरडी शीट सरकव. ही एक पायरी चुकली तर तू रक्त आणि पाणी एकत्र मोजशील आणि सगळा अभ्यास बादलीत जाईल. टाके घालताना जातं ते रक्तही धरायचं. किती वेळ मोजायचं तेही आधी ठरव, तासभर तरी.

अंदाज सांगणारीने तो चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यायचा. वजन बाजूच्या खोलीत, तिला दिसणार नाही असं. डिलिव्हरी कंडक्ट करणारी तू नसावीस. आणि सिस्टरबरोबर रेसिडेंटलाही एक चिठ्ठी दे. हो, त्याच हसणाऱ्यालाही. हे मी सूड म्हणून सांगत नाहीये (थोडं आहे). दोघांच्या चिठ्ठ्या आल्या की अभ्यास 'नर्सच्या चुका' असा राहतच नाही. डोळा ही मोजण्याची एक पद्धत, वजन ही दुसरी, आणि दोन पद्धतींची तुलना. शीर्षकही तसंच ठेव. इनचार्ज सिस्टरांच्या अब्रूचा प्रश्न इथेच निम्मा सुटतो.

उरलेला निम्मा असा. नोंदवहीत कुणाचंही नाव नको. निकाल शिफ्टवार छापताना सांभाळ, कारण नाइटला दोघीच असतील तर नाव न लिहिताही नाव कळतं. आणि निकाल आले की कॉलेजच्या आधी इनचार्जना दाखव. वॉर्ड त्यांचा आहे. त्यांना ते भर सेमिनारमध्ये पडद्यावर पहिल्यांदा दिसलं तर पुढची दहा वर्षं तुमच्या वॉर्डात कुणी संशोधनासाठी पाऊल ठेवू शकणार नाही.

ड्युटीवरून आठवलं. बहुतेक मुली डेटा सकाळी नऊ ते चार गोळा करतात, कारण पुढची बस गाठायची असते, मुलं शाळेतून येतात. तुझी ती बाई रात्री पांढरी पडली. तू फक्त दिवसा मोजलंस तर दिवसाचा डोळा मोजशील, जेव्हा उजेड असतो, माणसं असतात, चहा झालेला असतो. तू एकटी चोवीस तास थांबू शकत नाहीस हे उघड आहे. म्हणून महिन्याच्या सगळ्या शिफ्टच्या चिठ्ठ्या टाक, लॉटरीसारख्या उचल, आणि ज्या निघतील त्याच कर. नाइट निघाली तर नाइट. घरी हे आत्ताच बोलून ठेव. नवऱ्याला 'डिग्री घे' म्हणायचं असेल तर महिन्यात आठ रात्री पोराचा डबा त्याने भरावा.

एथिक्स कमिटीला गाइडबाई घाबरतात तेवढं घाबरू नकोस. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमिटीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, आणि त्यात वैद्यकाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्तीही बसते. तू त्या सामान्य व्यक्तीला समजेल असं बोल, बाकीच्यांना समजतंच. दोन प्रश्न नक्की येतील. पहिला : कळा देणाऱ्या बाईची संमती ही संमती म्हणायची का? कळ आली की ती कशावरही अंगठा देईल. म्हणून विचारणा आधी कर, नवव्या महिन्याच्या तपासणीला किंवा कळा सुरू व्हायच्या आत, आणि बाळंतपणानंतर पुन्हा एकदा विचार की तुमची नोंद ठेवू ना. लिहितावाचता येत नसेल तर वाचून दाखवताना तिसरा तटस्थ माणूस हजर हवा. फॉर्मची भाषा बघ. 'सदर अभ्यासात स्वेच्छेने सहभागी होण्यास माझी संमती आहे' हे कुणासाठी लिहितो आपण? 'बाळंतपणानंतर तुमचं किती रक्त गेलं ते आम्ही कापडं वजन करून मोजणार. नको म्हणालात तरी उपचार तेच मिळतील' एवढं पुरे. पुण्याच्या लेबर रूममध्ये येणाऱ्या कितीतरी जणी बांधकामावरच्या, त्यांना मराठीही अर्धीच कळते. हिंदी आणि कन्नड फॉर्म तयार ठेव.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. तुझ्या काट्यावर ५०० दिसले आणि सिस्टरच्या चिठ्ठीवर ३०० आहे. तू काय करणार, गप्प बसून लिहिणार? कमिटीने विचारायच्या आधी तूच सिनॉप्सिसमध्ये लिही : दर पंधरा मिनिटांनी वजन, आणि ५००ला पोचलं किंवा त्याआधीच नाडी, बीपी बिघडलं की वही बाजूला ठेवून ड्युटी डॉक्टरला हाक. त्या बायकांच्या बाबतीत अंदाज सांगणारीला आधीच सुगावा लागलेला असेल, म्हणून त्या नोंदी वेगळी खूण करून ठेव आणि हिशेब दोन्ही प्रकारे मांड.

आकडेशास्त्राच्या सरांकडे डेटा गोळा झाल्यावर जाऊ नकोस. आत्ता जा. 'मागच्या बॅचने साठ घेतले' हे सॅम्पलचं कारण होत नाही. किती मिलीचा फरक तुला महत्त्वाचा वाटतो, तो आकडा तूच त्यांना सांगायचा, कारण तो त्यांना ठाऊक नसतो. सर कदाचित सहसंबंध काढ म्हणतील, म्हणजे एक आकडा वाढला की दुसराही त्याच्याबरोबर वाढतो का ते बघ. तिथे सावध राहा. समज, प्रत्येक सिस्टरने खऱ्या रक्ताच्या बरोबर निम्मा आकडा सांगितला. २०० ला १००, ८०० ला ४००. सहसंबंध पूर्ण एक येईल, टाळ्या पडतील, आणि ८०० मिली गेलेली बाई ४०० म्हणून पडून राहील. दोन पद्धती जुळतात का, हे बघायला ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये एक सोपा आलेख सांगितला : प्रत्येक बाईच्या दोन आकड्यांतला फरक उभ्या अक्षावर, सरासरी आडव्या अक्षावर. रक्त वाढेल तसा अंदाज घसरतो का, ते नुसतं बघून कळतं. सरांना त्या आलेखाचं नाव सांग, त्यांना आनंद होईल.

आता गाइडबाईंना कसं पटवायचं. त्यांना टीचिंग प्रोग्रॅम हवाय ना? दे. अभ्यासाचा दुसरा भाग तोच कर. एका खोलीत पाच-सहा टेबलं मांड. एकावर २०० मिलीने भिजलेले पॅड, एकावर ७०० मिलीची ड्रॉशीट, एकावर बादली, एकावर रक्ताच्या गाठी. सिस्टर फिरतील, अंदाज लिहितील. मग त्यांना खरे आकडे दाखव, कुठलं पॅड पूर्ण भिजलं की किती धरतं ते हाताने उचलून बघू दे, आणि काही दिवसांनी टेबलं बदलून पुन्हा फिरव. प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट, टी टेस्ट, सगळं आलं. फक्त मार्कांऐवजी मिली. शक्य असेल तर मध्ये सात दिवसांऐवजी महिना जाऊ दे, शिकलेलं टिकतं का ते कळेल. (बिटाचा रस वापरू नकोस. मी करून पाहिलंय, तो पॅडमध्ये रक्तासारखा मुरत नाही आणि एप्रनचे डाग तर जातच नाहीत.) हा शिकवण्याचा भाग 'हस्तक्षेप' म्हणून सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदवायचा का, ते कमिटीला आधीच विचार, कारण ती नोंदणी पहिलं सॅम्पल घेण्याच्या आधी व्हावी लागते, नंतर धावून उपयोग नसतो.

ही तडजोड आहे का? आहे. पण तुझा प्रश्न तिच्यात शाबूत राहतो, आणि गाइडबाईंना ओळखीचा आराखडा मिळतो. एवढ्यावरही त्या नाही म्हणाल्या तर जुन्या केसपेपरांचा आलेख घेऊन विभागप्रमुखांना भेट, पण गाइडबाईंना सांगून, त्यांच्या पाठीमागून नाही.

रेसिडेंट डॉक्टरांना उत्तर द्यायची गरज नाही, चिठ्ठी देणार आहेसच. तरी त्यांनी पुन्हा छेडलं तर व्हिएन्नाची गोष्ट सांग. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची नको, त्या बिचाऱ्या दरवर्षी १२ मेला, परिचारिका दिनी, केक कापताना पुरेशा राबतात, आणि त्यांनी काढलेले मृत्यूंचे आलेख सोडून सगळ्यांना त्यांचा दिवाच आठवतो. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. १८४६ साली पहिल्यात शंभरातल्या ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनसुद्धा नाहीत. गावातल्या बायकांना हे माहीत होतं, त्या सुइणींच्या वॉर्डात घ्या म्हणून हातापाया पडायच्या. विद्यार्थी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन बाळंतपणाला येत होते. डॉ. सेमेलवाइसने १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि पहिला वॉर्ड दुसऱ्याच्या बरोबरीला आला. शोध डॉक्टरचा, हे कबूल. पण सुइणींचा वॉर्ड शेजारी नसता तर त्याने तुलना कशाशी केली असती?

एक गोष्ट पत्रात तू दोन ओळींत उरकली आहेस, त्यावर बोलल्याशिवाय मला हे बंद करता येत नाही. त्या रात्रीबद्दल. तू ३०० लिहिलेस ते आळसाने नाही. तुला जे शिकवलं, तुझ्या सीनियरने जे लिहिलं, तेच तू लिहिलंस, आणि मी शिकवत असताना मीही 'अंदाजे लिहा' एवढंच सांगायचे. कसा अंदाज, कशावरून, ते सांगितल्याचं आठवत नाही. पण त्या रात्रीचा निकाल लावायला हा अभ्यास करू नकोस. काट्याने दाखवलं की सगळ्यांचाच अंदाज चुकतो, तर तुला हलकं वाटेल. काट्याने दाखवलं की बहुतेकींचा बरोबर असतो, तर? तेव्हाही तू ते जसंच्या तसं छापू शकशील का? याचं उत्तर 'हो' येत नसेल तर वर्षभर थांब, नाही तर दुसऱ्या हॉस्पिटलात मोज, जिथे तू कधी ड्युटी केलेली नाहीस. आणि त्या बाईची हकिगत डिझर्टेशनच्या प्रस्तावनेत घालू नकोस. मोह होईल, प्रसंग मोठा आहे. पण तारीख आणि वॉर्ड कळला की बाई कळते, आणि तिने तुला तशी परवानगी दिलेली नाही.

छापण्याचं नंतर बघू. सबमिशन झालं की 'आदरणीय संशोधक' म्हणून ईमेल येतील, चार दिवसांत छापतो, इतके हजार भरा. भरू नकोस. ग्रंथपालांना विचारून एक बरं नियतकालिक निवड आणि सहा महिने वाट बघ.

या आठवड्यात एवढंच कर : केसपेपरच्या परवानगीचा अर्ज इनचार्ज सिस्टरांच्या हातून पाठव, आणि वजनकाटा बघून ठेव. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घे, पाच ग्रॅमच्या उड्या मारणारा नको. त्याच्यावर पसरायला प्लास्टिक घे. सेल जास्तीचे ठेव, नाइटला दुकान उघडं नसतं.